नायिकेला सावरायला नायकानं किती करायचं?

संकेश्वरची लेखिका:
कादंबरी लिहायला घेतलेय. नायिका आमच्या कर्नाटकातल्या संकेश्वरची, दिली महाराष्ट्रात गडहिंग्लजला. नवऱ्याचा मार सोसून शेवटी माहेरी आलीय. रोज बसनं बेळगावला जाते, खडे बाजारात साडीच्या दुकानात कामाला. त्याच बसचा कंडक्टर हा नायक. वंटमुरी घाटात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की ती दोन्ही हात डोक्यावर घेते. तो बघतो, विचारत मात्र काही नाही.

मैत्रीण म्हणते, त्यानं गडहिंग्लजला जाऊन नवऱ्याला जाब विचारायला पाहिजे. मला नाही पटत. एकानं मोडली आणि दुसऱ्यानं जोडली, अशी बाई मला लिहायचीच नाही. तरी त्याच्या प्रेमानं ती सावरते, हे मला मनापासून खरं वाटतं. ते दाखवू कसं?

निपाणीकर:
ताई, ती तिकीट काढते का? ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसनं राज्यात फुकट प्रवास आहे, पण ओळखपत्रावर इथला पत्ता लागतो. लग्नानंतर हिच्या आधारवर गडहिंग्लजचा पत्ता आला असणार. म्हणजे शेजारणीला शून्य रुपयांचं तिकीट आणि हिला रोज पैसे. माझ्या धाकट्या बहिणीचं हेच झालं. पत्ता बदलून घे म्हटलं की गप्प बसायची. बदलला की सगळं संपलं, असं तिला वाटायचं. आम्ही घाई केली नाही. एक दिवस स्वतःच उठून गेली.

चिकोडीची वकील:
घटस्फोटाचं प्रकरण असेल तर तिला तारखांना गडहिंग्लजला पळवू नका. हिंदू विवाह कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको जिथं राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही आहे. नवऱ्याला जाब कोर्टात तीच विचारेल. फक्त इथं कागद कन्नडमध्ये येतील. कंडक्टरला कन्नड येतंच, तो वाचून दाखवू दे. सही कर किंवा करू नको, हे मात्र त्यानं सांगायचं नाही.

टिळकवाडीची वाचक:
कंडक्टर फार देवमाणूस होतोय, बाई. त्याला राग येऊ दे, त्याचं एकदा चुकू दे. तिनं तोंडावर सुनावलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी तरी त्याच बसमध्ये चढली पाहिजे. मारकुट्या घरातनं आलेल्या बाईला रागवायची भीती वाटेनाशी होणं केवढं मोठं असतं! माझ्या मावशीला त्याला कैक वर्षं लागली.

संकेश्वरची लेखिका:
निपाणीकर दादा, मला माझं प्रकरण मिळालं. तो एकदा आपुलकीनं म्हणतो, "पत्ता बदलून घ्या की, पैसे वाचतील." ती भरल्या बसमध्ये त्याच्यावर ओरडते. तो "चुकलं माझं" म्हणतो आणि रोजच्यासारखे पैसे घेऊन तिकीट देतो. पत्ता ती बदलते, पण पुढं खूप पानांनी आणि त्याला न सांगता. वकीलताई, कागद वाचून दाखवायचा प्रसंगही घेतेय, पण भांडणानंतर.

आता एवढं सांगा, पत्ता बदलायला माहेरचा कुठला कागद चालतो? घर वडलांच्या नावावर आहे.