युरिया नको म्हणून जुनी ६९७ बांधून घ्या म्हणणाऱ्यांसाठी (लांब आहे, चहा घेऊन बसा)

कृष्णाकाठ_ट्रान्सपोर्ट
काल इथं एकाने लिहिलं की शहाण्या ट्रकमालकाने बीएस-६ (प्रदूषणाचा २०२० चा नियम) गाडीच्या वाटेला जाऊ नये, सेन्सर आणि धुरातला विषारी वायू मारायला लागणारं युरियाचं पाणी मिळून घर विकायला लावतात, त्यापेक्षा जुन्या बीएस-३ नियमातली, टाटाच्या ६९७ इंजिनाची गाडी घ्या, इंजिन उघडून नव्याने बांधा आणि दहा वर्षं बिनघोर चालवा. खाली पन्नास जणांचं "एकदम बरोबर भाऊ". मी रात्री दोनदा उत्तर टाइप केलं आणि पुसलं, आता राहवत नाही.

माझ्याकडे सहा गाड्या आहेत, सगळ्या दहा चाकी. दोन जुन्या ६९७, एक २०१८ ची बीएस-४ आणि तीन कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनवाल्या बीएस-६. मिरज-भिवंडी लाईन, म्हणजे खंबाटकी आणि बोरघाट दोन्ही आले. जुनी भरून पावणेचारचं ॲव्हरेज देते, नवी सव्वाचारच्या आसपास, आणि तेही जास्त माल घेऊन. २०१८ ला ॲक्सल लोड वाढलं, दहा चाकी गाडी-माल मिळून २५ टनाची साडेअठ्ठावीस झाली, पण माझ्या जुन्यांच्या आरसीवर अजून २५ च आहे. मग तुलना लिटरमागे करायची का टनामागे?

आणि दुसरं, युरिया बीएस-६ ने आणला हे कुणी सांगितलं? एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आलं तेव्हाच टाटाच्या मोठ्या गाड्यांना युरियाची टाकी आली. लेलँडने आयईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवायची पद्धत) करून तेव्हा युरिया टाळला हे खरं, पण २०२० ला बीएस-६ आल्यावर त्यांनाही टाकी लावावीच लागली. ज्याला हेच माहिती नाही तो गाडी कुठली घ्यावी हे शिकवतोय.

जुनंतेसोनं
तो "ज्याला हेच माहिती नाही" म्हणजे मी. नमस्कार.

टाकीचा इतिहास मला नका सांगू शेठ. मागच्या मे महिन्यात माझी बीएस-६ उमरग्याच्या अलीकडे चेक लाईट लागून बसली. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच. युरिया भरलेला, डिझेल भरलेलं, इंजिनात खडखड नाही, आणि गाडी वीसच्या वर जाईना. का तर कुठलातरी नॉक्स (धुरातला विषारी वायू) मोजणारा सेन्सर चुकीचं रिडींग देतोय म्हणून कॉम्प्युटरने पॉवर कापली. रविवार. त्यांचा माणूस लॅपटॉप घेऊन तिसऱ्या दिवशी आला. आत टोमॅटो होता. सेन्सरचं बिल ४२ हजार आणि टोमॅटोचं विचारू नका. ६९७ असती तर झाडाखालच्या मिस्त्रीने पान्ह्याने चालू करून दिली असती. तुमच्या टनामागच्या हिशेबात हे तीन दिवस कुठं बसतात?

फिटर_निगडी
दोघं थोडं थांबा. तीस वर्षं इंजिनं उघडतोय. ६९७ म्हणजे सहा सिलेंडर आणि ९७ मिलीमीटर बोअर (सिलेंडरचा व्यास), नावातच सगळं आहे, ४९७ तिचीच चार सिलेंडरची बहीण. लायनर (सिलेंडरच्या आतलं नळकांडं) काढा, नवा टाका, पिस्टन रिंगा बदला, गाडी चौथ्या दिवशी रस्त्यावर. कमिन्सच्या बी सिरीजला लायनरच नाही, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतो. जुनं ५.९ घ्या नाहीतर आताचं ६.७. झिजली की ब्लॉक मशीनवर न्या, बोअर मोठा करा नाहीतर स्लीव्ह (आतून नवं नळकांडं) मारा. पण हेही सांगतो, ती झिजायला लई वेळ लागतो. माझ्याकडं बांधायला ६९७ जितक्या येतात त्याच्या पाव पण कमिन्स येत नाहीत. माझं पोट ६९७ वर चालतं, म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही 🙂

युरियाचं मात्र ऐका. निम्मे मालक स्वतःच्या हाताने वाट लावतात. डेफमध्ये, म्हणजे त्या टाकीत भरायच्या युरियाच्या पाण्यात, साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. आपले लोक काय करतात, शेताच्या युरियाची गोणी ड्रममध्ये ओततात आणि बोअरचं पाणी. तो युरिया नीमकोटेड. निंबोळीचं तेल आणि पाण्यातला क्षार धुरात युरिया फवारणाऱ्या नोझलला बसतो, पांढरा खडा होतो. मग म्हणायचं सेन्सर खराब.

बांधावरून
ती गोणी २६६ रुपयाला असते आणि आम्हाला ऐन पेरणीत मिळत नाही, दुकानदार सोबत नको ते खत घ्यायला लावतो. आता कळलं कुठं जाते. तुमची इंजिनं गेली खड्ड्यात.

जुनंतेसोनं
फिटरभाऊ, मी पंपावरचा सीलबंद कॅन घेतो, पावत्या आहेत. गोणीवाल्यांचं पाप माझ्या माथी मारू नका.

इंजिन_टेस्ट_चाकण
मी या क्षेत्रातच आहे म्हणून बोलतो. बीएस-४ ला नॉक्सची मर्यादा इंजिनाच्या कामाच्या दर युनिटमागे (किलोवॅट-तास) साडेतीन ग्रॅम होती, बीएस-६ ला ०.४६. डिझेलमधलं सल्फर ५० वरून १० पीपीएम. इतकी उडी नुसती पंपाची सेटिंग बदलून होत नाही, सेन्सर लागणारच. पॉवर कापणं हा बिघाड नाही, नियमातच आहे ते, नाहीतर लोक युरियाऐवजी पाणी भरतील.

जुनंतेसोनं
साहेब तुमचं टेस्टिंग एसी हॉलमध्ये होतं. उमरग्याला या एकदा मे महिन्यात.

इंजिन_टेस्ट_चाकण
एक मान्य करतो. ज्यांची गाडी दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर फिरते, क्रशरवर नाहीतर कळंबोली-तळोजा, त्यांना बीएस-६ त्रास देते. सायलेन्सर पुरेसा तापतच नाही, मग डीपीएफ या धुराच्या फिल्टरमधली काजळी जळत नाही आणि तो चोकअप. लांबच्या लाईनला हा प्रकार फार कमी.

जुनंतेसोनं
हुश्श. एक तरी वाक्य आमच्या बाजूने. फ्रेम करून लावतो.

केळीवाला_रावेर
तुम्ही लोक मिरज-भिवंडी करता म्हणून चर्चा चाललीय. आमची केळी दिल्लीच्या आझादपूर मंडीला जाते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या पासिंगच्या बीएस-३ मालगाडीला दिल्लीत एंट्री बंद आहे आणि बीएस-४ ला मुदत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तुमची सोन्यासारखी ६९७ हरियाणात उभी करून माल दुसऱ्या गाडीत भरू का? हमाली कोण देणार, आणि काळी पडलेली केळी कोण खाणार?

हिशेबवाली_ताई
आमच्या तीन गाड्यांची वही माझ्याकडे असते, हे फक्त फोनवर बोलतात. वर दिलेले आकडे धरून मांडते. महिना ८ हजार किलोमीटर. पावणेचारने डिझेल २१३३ लिटर, ४.२ ने १९०५. वाचलं २२८ लिटर, नव्वद रुपयाने साधारण साडेवीस हजार. त्यातून युरिया वजा, डिझेलच्या पाच टक्के म्हणजे ९५ लिटर, साठ रुपयाने ५,७००. हातात राहिले १४,८००. आता माल. नवी गाडी स्वतःच थोडी जड, म्हणून जास्तीचा माल तीन टनच धरला, टनाला ९०० भाडं, महिन्याला बारा खेपा, ३२,४०० रुपये. बेरीज ४७ हजार. आणि आमचा नवीन गाडीचा हप्ता आहे ७२ हजार.

म्हणजे कृष्णाकाठ भाऊ, तुमचं इंजिन चांगलं आहे पण फक्त इंजिनाच्या बचतीवर हप्ता फिटत नाही. आणि भाडं टनावर मिळत असेल तरच ते ३२ हजार खरे, एकरकमी ठरलेलं असेल तर विसरा. गाडी जेमतेम चार हजार किलोमीटर पळत असेल तर जुनीच बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, तेवढाच काय तो दिलासा.

कृष्णाकाठ_ट्रान्सपोर्ट
ताई हिशेब मान्य, पण जुन्या गाडीचं दुरुस्तीला उभं राहणं तुम्ही शून्य धरलंय. आणि खरं सांगू का, ४.२ आणि पावणेचार हे आकडेच मालकाच्या हातात नसतात. एकच गाडी, एकच रोड, ड्रायव्हर बदलला की लिटरमागे अर्ध्या किलोमीटरचा फरक. निम्मं डिझेल टाकीतून कॅनमध्ये जातं आणि कॅनमधून ढाब्यावर, मग इंजिन टाटाचं असो का कुणाचं.

स्टेअरिंगवरचा
आला का शेवटी आमच्यावर. वाटच बघत होतो.

बावीस वर्षं गाडी चालवतोय, पाटोद्याचा आहे. शेठ, भत्ता किती देता ते लिहा की इथं. खेपेला ठरवून दिलेलं डिझेल, त्यात ट्रॅफिक धरत नाही, बोरघाटात पाच तास उभं राहिलेलं धरत नाही, एक लिटर जास्त गेलं की पगारातून कापता, आणि वाचवलं तर म्हणता पुढच्या खेपेला कमी देतो. चोर कोण मग? आणि हे ॲव्हरेज ॲव्हरेज करून तुम्ही पोरांना काय शिकवलं ते पण लिहा. उतार आला की न्यूट्रल. कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडं उतरताना किती गाड्या न्यूट्रल असतात ते मला माहितीय, कारण मी पण केलंय. एकदा खाली येईपर्यंत ब्रेकचा वास केबिनमध्ये आला, पुढं स्कूल बस होती. त्या दिवसापासून बंद.

इंजिन_टेस्ट_चाकण
हे वाक्य सगळ्या मालकांनी छापून केबिनमध्ये लावा. गियरमध्ये गाडी उतारावर असताना पाय काढला की इंजिन डिझेल घेतच नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र आयडलिंगचं डिझेल जातं आणि एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाने गाडी आवळणारा) कामाचा राहत नाही.

कृष्णाकाठ_ट्रान्सपोर्ट
मी कुणाला न्यूट्रल कर म्हटलेलं नाही. आणि सगळे ड्रायव्हर चोर असंही म्हटलं नाही.

स्टेअरिंगवरचा
"निम्मं डिझेल" लिहिलंय वर. पुसू नका, स्क्रीनशॉट आहे.

जुनंतेसोनं
ड्रायव्हर दादाच्या बाजूने आहे मी यात. माझ्या वडिलांनी ड्रायव्हरला कधी डिझेल मोजून दिलं नाही.

स्टेअरिंगवरचा
तुमची बाजू नको दादा. तुमच्या ६९७ च्या केबिनमध्ये मे महिन्यात बसा, बॉनेट मांडीला लागतं, पायाला फोड येतात. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मोठ्या गाड्यांना केबिनमध्ये एसी कंपल्सरी झालाय. तुम्ही जुनी दहा वर्षं चालवा म्हणता, चालवणार कोण, तुम्ही? आमच्या गावात तरणी पोरं आता या लाईनला यायला तयार नाहीत. बीएस-६ वाल्याला ड्रायव्हर मिळतो, तुम्हाला मिळणार नाही, मग सेन्सर नसलेलं इंजिन दारात लावून पूजा करा.

फिटर_निगडी
हे मात्र खरं आहे. माझ्या गॅरेजला दोन जुन्या गाड्या बांधून तयार उभ्या आहेत, न्यायला ड्रायव्हर नाही म्हणून.

हिशेबवाली_ताई
भत्त्याचं उत्तर आलं नाही अजून कृष्णाकाठ भाऊ. आम्ही खेपेला ८०० देतो आणि वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे ड्रायव्हरचे. तेव्हापासून ४.१ च्या खाली एकही गाडी आलेली नाही.

कृष्णाकाठ_ट्रान्सपोर्ट
६०० देतो. बघतो काय करता येतं. "निम्मं" हा शब्द रागात गेला, तेवढा मागे घेतो, बाकी नाही.

जुनंतेसोनं
एक विचारायचं होतं. मला घरापासून चाळीस किलोमीटरच्या आत स्कॅनरवाला मिस्त्री मिळालाय, नवीन पोरगा आहे, कंपनीत शिकून आलाय. तुमची ती २०१८ ची काढायची आहे का?

कृष्णाकाठ_ट्रान्सपोर्ट
काढायची आहे. पण टाटा आहे, युरियाची टाकी आहे तिला.

जुनंतेसोनं
माहितीय. किती म्हणता?