बचावाचा सहायक पोकेमॉन: सगळे ईव्ही टिकाऊपणात घालणे खरोखर शहाणपणाचे आहे का?

रातकिडा (धागाकर्ता)

पोकेमॉन व्हिडिओ गेमच्या डबल्समध्ये, म्हणजे दोन विरुद्ध दोन लढतीत, बचावाचा सहायक पोकेमॉन घडवण्याची एक रीत आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्नही विचारत नाही. एचपीत (जीवशक्तीत) २५२ ईव्ही (प्रशिक्षणाने मिळणारे, हवे तसे वाटता येणारे गुण), डिफेन्स (फिजिकल मारापुढचा बचाव) किंवा स्पेशल डिफेन्स (स्पेशल मारापुढचा बचाव) यांपैकी एकात २५२, उरलेले ४ कुठेतरी टाकून द्यायचे आणि नेचर (एक गुणवैशिष्ट्य १० टक्क्यांनी वाढवून दुसरे घटवणारा स्वभाव) त्याच बाजूचे निवडायचे. माझे म्हणणे असे की या रीतीआड हिशेबाचा कंटाळा लपलेला आहे, आणि मुळात ती भलत्याच प्रश्नाचे उत्तर शोधते. सहायक स्वतः किती फेऱ्या जगला हे मोजून फारसे काही हाती लागत नाही. त्याच्यामुळे शेजारच्या पोकेमॉनला किती फेऱ्या बिनधोक मारा करता आला, हे मोजायला हवे.

पुढचे आकडे स्कार्लेट आणि व्हायोलेट या गेममधील अधिकृत डबल्सचे, म्हणजे लेव्हल ५० चे, ३१ आयव्ही (जन्मजात गुण, कमाल ३१) गृहीत धरून काढलेले आहेत. या लेव्हलला एखाद्या गुणवैशिष्ट्याचा पहिला गुण ४ ईव्हीत मिळतो आणि पुढच्या प्रत्येक गुणाला ८ ईव्ही मोजावे लागतात. त्यामुळे एकूण ५१० ईव्हींच्या मर्यादेत वाटण्यासाठी हातात साधारण ६५ गुण असतात.

अमूनगस हा पोकेमॉन घ्या. एचपीत २५२ घातले की एचपी २२१ होतो, आणि इथपर्यंत माझा कोणाशी वाद नाही. रूढ रीतीने डिफेन्समध्ये २५२ घालून डिफेन्स वाढवणारे नेचर निवडले, तर डिफेन्स १३४ आणि स्पेशल डिफेन्स १०१ मिळतो. त्याऐवजी डिफेन्समध्ये १५६ आणि स्पेशल डिफेन्समध्ये १०० घातले, तर हेच आकडे १२१ आणि ११३ होतात. एका बाजूला सुमारे १० टक्के गमावले, दुसऱ्या बाजूला सुमारे १२ टक्के कमावले. यातले १५६ हवेतून आलेले नाहीत. १४८ ईव्हीला नेचर लागू होण्यापूर्वीचा डिफेन्स १०९ असतो आणि नेचरच्या १० टक्क्यांनंतर, अपूर्णांक सोडून दिल्यामुळे, तो ११९ वर थांबतो. आणखी ८ ईव्ही घातले की ११० चे थेट १२१ होतात. एका गुणाच्या किमतीत दोन गुण मिळण्याच्या अशा जागा मोजक्याच असतात, आणि २५२ वर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याला त्या कधी दिसत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. रेज पावडर ही मूव्ह (चाल) वापरणारा अमूनगस स्वतःवरचा मार खात नसतो. तो शेजाऱ्यावरचा मार आपल्याकडे ओढत असतो. म्हणून शेजारी कोण आहे हे ठरल्याशिवाय त्याचे ईव्ही ठरवताच येत नाहीत. शेजारी अग्नी प्रकारचा टॉरकोल असेल तर त्याला भीती पाणी, जमीन आणि खडक या प्रकारांची. यातल्या पाण्याच्या मूव्ह अमूनगसला अर्ध्याच लागतात. अर्थक्वेक आणि रॉक स्लाइड या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना एकदम लागणाऱ्या मूव्ह असल्यामुळे त्या रेज पावडरने वळतच नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी डिफेन्स साठवून टॉरकोल वाचणार नाही. मग उरते काय? टॉरकोलवर रोखलेली, एकालाच लागणारी, अमूनगसला अर्धी न पडणारी मूव्ह. ती कोणाकडून येते आणि कोणत्या बाजूची असते, हे पाहावे आणि तिथून मागे येत ईव्ही वाटावेत.

या विचाराचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे २०१४ ची जागतिक स्पर्धा. से जुन पार्क यांनी जिंकलेल्या त्या स्पर्धेत त्यांच्या संघात पाचिरिसू होता, ज्याचा मूळ एचपी ६० आणि डिफेन्स ७० आहे. निव्वळ टिकाऊपणाच्या मोजपट्टीवर त्याला कोणी संघात घेतले नसते. पण व्होल्ट ॲब्सॉर्ब ही एबिलिटी (अंगभूत क्षमता) आणि फॉलो मी ही मूव्ह यांच्या जोडीने गॅराडोसवर येणाऱ्या विजेच्या मूव्ह तो स्वतःकडे वळवत असे आणि त्यातून उलट बरा होत असे. शेजाऱ्याची गरज आधी, आकडे नंतर.

खडा_पहारा

रातकिडा यांचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही.

पाचिरिसूपासूनच सुरुवात करतो, कारण ते उदाहरण त्यांच्या बाजूने बोलत नाही. तिथे काम केले ते एबिलिटी, प्रकार आणि मूव्ह यांनी. ईव्हींच्या बारीक वाटणीचा त्यात काय संबंध? सहायक कोणता निवडावा हा एक निर्णय आणि निवडल्यावर त्याचे ईव्ही कसे वाटावेत हा दुसरा. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

आता वाटणीकडे येऊ. एकाच मूव्हचा मार दर वेळी ८५ ते १०० टक्के या पट्ट्यातल्या १६ पायऱ्यांपैकी कुठल्याही पायरीवर पडतो. म्हणजे ज्या १२ टक्क्यांसाठी एवढा खटाटोप केला, त्याहून मोठा चढउतार नशिबाच्या हातात आहे. त्यावर प्रतिस्पर्ध्याच्या पोकेमॉनने धरलेल्या वस्तूची भर घाला: चॉइस स्पेक्सने स्पेशल अटॅक दीडपट होतो, लाइफ ऑर्बने मार १.३ पट होतो. त्यावर टेरा, म्हणजे लढतीत एकदा पोकेमॉनचा प्रकार बदलण्याची सोय. मूळच्याच प्रकारात टेरा केले तर त्या प्रकारच्या मूव्हला मिळणारा लाभ १.५ पटीवरून २ पटीवर जातो, म्हणजे तोच मार एका फेरीत एक तृतीयांशाने फुगतो. ठरावीक पोकेमॉनची ठरावीक मूव्ह जेमतेम सोसेल अशा बेताने घडवलेला सहायक या तिन्हींपैकी एक गोष्ट बदलली की कोलमडतो, आणि दर काही महिन्यांनी नियमावली बदलून नवे पोकेमॉन खुले होतात तेव्हा सगळा हिशेब पुन्हा मांडायला बसावे लागते.

एका बाजूला पूर्ण भर देण्याचा फायदा असा की खेळाडूला भर सामन्यात, घड्याळ चालू असताना, आपला पोकेमॉन काय सोसेल याचा अंदाज चटकन बांधता येतो. माझा अमूनगस फिजिकल मारापुढे उभा राहतो, स्पेशल मारा दिसला की मी त्याला मागे घेतो, रीजनरेटर या एबिलिटीमुळे जाता जाता त्याचा एक तृतीयांश एचपी, म्हणजे ७३, भरून निघतो आणि पुढच्या वेळी तो पुन्हा कामाला येतो. दोन्ही बाजूंनी मध्यम असलेल्या अमूनगसला मागे कधी घ्यायचे, हे मला आजवर कोणी पटेल असे सांगितलेले नाही.

शतघ्नी

मी सिंगल्स (एकास एक लढती) खेळतो, त्यामुळे फॉलो मी वगैरेंशी माझा संबंध नाही. मात्र वर दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे ती मला खटकली: एचपीत २५२ घालण्याविषयी वाद नाही, असे दोघांचेही म्हणणे दिसते. वाद आहे.

टिकाऊपणा हा एचपी आणि डिफेन्स यांचा गुणाकार असतो, आणि गुणाकारात लहान असलेल्या आकड्यात भर घातली की फळ जास्त मिळते. ब्लिसी या पोकेमॉनचा मूळ एचपी २५५ आणि डिफेन्स अवघा १० आहे. लेव्हल १०० ला एचपीत एकही ईव्ही न घालता तिचा एचपी ६५१ असतो, २५२ घातल्यावर ७१४. वाढ १० टक्क्यांच्याही आत. तेच २५२ डिफेन्समध्ये घातले तर ५६ चे ११९ होतात, आणि डिफेन्स वाढवणारे बोल्ड नेचर घेतले तर १३०. म्हणजे फिजिकल मारापुढे ती दुपटीहून अधिक टिकते. ब्लिसी स्पेशल बाजूची म्हणून तिचे सगळे ईव्ही एचपी आणि स्पेशल डिफेन्समध्ये घालणारे खेळाडू अजून भेटतात, आणि पहिल्याच फिजिकल फटक्यात ती गेली की खेळाला दोष देतात. अमूनगसच्या बाबतीत एचपी आधी हे उत्तर बरोबर असेलही, पण तो प्रत्येक पोकेमॉनसाठी पुन्हा करायचा हिशेब आहे.

खडा_पहारा यांच्या ‘मागे घ्या आणि पुन्हा आणा’ या मताशी मी सहमत आहे, किंबहुना सिंगल्समध्ये तर आता ते अधिकच खरे ठरले आहे. स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये रिकव्हर, रूस्ट, सॉफ्ट-बॉइल्ड यांसारख्या बरे करणाऱ्या मूव्हचे मूळ पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) १० वरून ५ वर आणले गेले, म्हणजे पूर्ण वाढवूनही ८ च वापर मिळतात. एकाच जागी बसून बरे होत राहण्याचे दिवस आखडले आहेत. टॉक्सापेक्ससारखा पोकेमॉन रीजनरेटरवर पीपी न खर्चता बरा होतो, म्हणून त्याची किंमत टिकून आहे, जरी स्काल्ड ही मूव्ह गेल्यामुळे त्याच्या हातातले चांगले हत्यार गेले असले तरी.

अधांतर

तिघांचेही आकडे वाचले, आणि तिघेही ज्या गोष्टीला हात लावत नाहीत ती अशी की प्रतिस्पर्ध्याने सहायकाकडे दुर्लक्षच केले तर या टिकाऊपणाचे काय करायचे? ज्याच्यापासून काही धोका नाही त्याला कोणी मारत नाही. सगळा मारा त्याच्या शेजाऱ्यावर होतो, आणि शेवटी भरल्या एचपीचा सहायक एकटा समोरच्या दोघांपुढे उभा राहतो.

गोल्डेन्गोचे उदाहरण पाहू. गुड ॲज गोल्ड या एबिलिटीमुळे त्याच्यावर टाकलेली स्टेटस मूव्ह (थेट मार न देता परिणाम करणारी) चालत नाही: झोपवणारी स्पोर नाही, स्टेटस मूव्ह बंद पाडणारी टॉन्ट नाही, अटॅक घटवणारी पार्टिंग शॉट नाही. तो भूत प्रकाराचाही असल्यामुळे फेक आउट ही बिचकवून चाल हुकवणारी मूव्ह त्याला लागत नाही. तो स्पेशल मारा करतो, म्हणून समोरच्याचा अटॅक घटवणाऱ्या इन्टिमिडेट या एबिलिटीने त्याचे काही बिघडत नाही. आणि त्याची मेक इट रेन ही मूव्ह दोघांनाही लागत असल्यामुळे रेज पावडर तिला वळवू शकत नाही. आता या गोल्डेन्गोसमोर रातकिडा यांचा १२१ आणि ११३ वाला अमूनगस ठेवा, नाहीतर खडा_पहारा यांचा १३४ वाला. निकालात फरक काय पडणार?

याउलट इन्सिनरोर पाहा. बचावाचा सहायक म्हणून त्याचे नाव आधी घेतले जाते, पण त्याचा मूळ अटॅक ११५ आहे हे लोक विसरतात. गोल्डेन्गोवर त्याची फ्लेअर ब्लिट्झ आणि नॉक ऑफ या दोन्ही मूव्ह दुप्पट लागतात. तो समोर आहे म्हटल्यावर गोल्डेन्गोच्या मालकाला एक तर मागे जावे लागते किंवा टेरा खर्चावा लागतो, आणि यातली कुठलीही गोष्ट झाली तरी इन्सिनरोरचे काम झाले. म्हणून चार मूव्हपैकी एक तरी अशी असावी की जिची प्रतिस्पर्ध्याला दखल घ्यावीच लागेल. अमूनगसला ती सोय पोलन पफमध्ये आयती मिळते: शेजाऱ्यावर टाकली की त्याचा निम्मा एचपी भरतो, शत्रूवर टाकली की ९० शक्तीचा मार बसतो. शिवाय ती स्टेटस मूव्ह नसल्यामुळे टॉन्ट लागल्यावरही चालते. स्पोर, रेज पावडर, प्रोटेक्ट आणि चौथी जागा निष्क्रिय, असा अमूनगस ज्यांनी टॉन्टसमोर तीन फेऱ्या हात बांधून उभा केलेला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

रातकिडा

@अधांतर, गोल्डेन्गोविषयी आपण लिहिले ते सगळे खरे आहे, पण ते माझ्या मताच्या विरुद्ध जात नाही. शेजाऱ्याला कोणापासून वाचवायचे आहे हे आधी ठरवा, असेच मी म्हणत आहे. तो शत्रू गोल्डेन्गो असेल तर अमूनगस घेऊच नये.

@शतघ्नी, गुणाकाराचा मुद्दा मान्य, आणि तो २५२ च्या रूढीविरुद्धच जातो.

@खडा_पहारा, १६ पायऱ्यांचा चढउतार दोन्ही वाटण्यांना सारखाच लागू आहे. तो माझ्या १२ टक्क्यांना गिळतो तर आपल्या १० टक्क्यांनाही गिळतो. आणि अधिकृत स्पर्धांमध्ये खुल्या संघपत्रिका असतात, ज्यांत मूव्ह, एबिलिटी, वस्तू आणि टेराचा प्रकार प्रतिस्पर्ध्याला आधीच कळतो. ईव्ही आणि नेचर कळत नाहीत. लपवण्यासारखी जी एकच गोष्ट उरली आहे, तिथेही सगळे घालतात तेच आकडे घालायचे म्हणजे समोरच्याचा हिशेब आपणच सोपा करून द्यायचा.

एका गोष्टीकडे मात्र कोणीच वळले नाही, ती म्हणजे वेग. ३१ आयव्ही आणि वेगाला तटस्थ नेचर असलेल्या अमूनगसचा वेग ५० असतो. ट्रिक रूमसाठी (ज्यात काही फेऱ्या मंद पोकेमॉन आधी चाल करतो) पूर्ण मंद केलेल्या अर्सालुनाचा वेग ४९. म्हणजे ट्रिक रूममध्ये अर्सालुना एका गुणाने आधी चाल करतो, आणि स्पोर पडण्यापूर्वी अमूनगसला फटका बसतो. हा एक गुण डिफेन्सच्या तेरा गुणांपेक्षा मोलाचा आहे, आणि त्याला एकही ईव्ही लागत नाही. वेगाचा आयव्ही ० केला की पुरे.

खडा_पहारा

वेगाचा आयव्ही ० हवा, यावर आपले एकमत आहे. पण त्यापुढे जाऊन रिलॅक्स्ड, म्हणजे डिफेन्स वाढवून वेग घटवणारे नेचर घेण्याची जी सवय आहे, तिचेही समर्थन आपण करणार का? बोल्ड घेतले तरी वेग ३५ राहतो, अर्सालुनाच्या बराच खाली. रिलॅक्स्डने तो ३१ होतो, पण ३१ ते ३५ या पट्ट्यात समोरच्या संघातला दुसरा अमूनगस सोडला तर फारसे कोणी भेटत नाही, आणि गवत प्रकाराचा असल्यामुळे त्याला स्पोर लागतही नाही. बोल्डने मात्र अटॅक घटतो, आणि फाउल प्ले ही मूव्ह मार खाणाऱ्याचाच अटॅक वापरते. अटॅकचाही आयव्ही ० असताना अमूनगसचा अटॅक ९०, बोल्डने ८१. माझ्या मते तिथे ते नऊ गुण जास्त कामाचे आहेत.

अधांतर

ट्रिक रूममध्ये दोन्हीकडे अमूनगस असतील तर एकमेकांना झोपवण्याचा प्रश्न येत नाही हे बरोबर, पण दोघांचे पोलन पफ आहेत, आणि समोरच्याने स्वतःच्या शेजाऱ्याला आधी बरे केले की आपला फटका वाया जातो. त्या चार गुणांना म्हणून मी तरी शून्य किंमत देणार नाही.