मदत हवी आहे : पाड्याची वेगळी ग्रामसभा आणि पेसाचा ५% निधी

नमस्कार मंडळी, आमचा पाडा पालघर जिल्ह्यात, पेसा क्षेत्रात (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा). ४२ घरं, मूळ गावापासून तीन किलोमीटर. यंदाच्या ग्रामपंचायत आराखड्यात आमच्या विहिरीचं काम घ्या म्हणून महिला सभेत बायकांनी ठराव मांडला, हात वर करून सगळ्यांनी मंजूरही केला, पण ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आराखडा बघितला तर विहीर कुठेच नाही, त्यात घेतलेली दोन्ही कामं मूळ गावाच्या गावठाणातली. बायका फेब्रुवारीपासून डोंगर उतरून पाणी आणतात, त्यामुळे हे सोडून द्यायचं नाहीये.

ठरावाची नक्कल लेखी मागितली, मिळाली नाही, म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. तालुक्याला भेटलो तर म्हणाले आता पुढच्या वर्षी बघू. वनहक्काचा विषय नाहीये, विहिरीची जागा एका घरवाल्याची आहे आणि तो लिहून द्यायला तयार आहे.

२०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव जाहीर करता येतं आणि प्रस्ताव प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जातो एवढं माहितीये. दिवाळीनंतर निम्मी घरं वीटभट्टीवर जातात, म्हणजे सह्या त्याआधीच घ्याव्या लागतील.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, ठरावाला सोबत कुठले कागद जोडले? आणि पाडा जाहीर होईपर्यंत ५% अबंध निधीतून (पेसा गावांसाठी ग्रामपंचायतीला थेट मिळणारा निधी) विहीर घ्यायची तर मूळ गावाच्या ग्रामसभेचाच ठराव लागतो का, की पाड्याच्या बैठकीचा चालतो?