व्हीलचेअर बास्केटबॉल: पॅट्रिक अँडरसनबद्दल कुणाला माहिती आहे?

प्रश्न: रात्री जुने सामने बघत बसलो. कॅनडाचा हा गडी खुर्ची एका चाकावर तिरकी करून शॉट मारतो! कोण आहे हा?

उत्तर: माझा आवडता! जन्म १९७९, एडमंटन. नऊ वर्षांचा असताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवलं, दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. सिडनी २०००, अथेन्स २००४, लंडन २०१२ अशी तीन पॅरालिंपिक सुवर्णं. बीजिंगला तेवढं ऑस्ट्रेलियाने हरवलं. लंडननंतर खेळ सोडून बायकोबरोबर गाण्यात रमला, पण राहवलं नाही बहुतेक. २०२४ ला पॅरिसमध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मैदानात!

दुसरं उत्तर: कौतुक ठीक, पण या खेळात शरीरावर जितका ताबा जास्त तितके खेळाडूला वर्गीकरणाचे गुण जास्त. तो ४.५ गुणांचा खेळाडू, म्हणजे कंबर, पोट सगळं ताब्यात. मैदानावरच्या पाच जणांच्या या गुणांची बेरीज १४ च्या वर चालत नाही. त्यामुळे एक-दीड गुणवाले सोबत लागतातच. तेच खुर्ची आडवी घालून त्याला वाट करून देतात. पुढच्या वेळी त्यांच्याकडे बघा.

प्रश्नकर्ता: बघतो. रिंग खाली असते का हो?

दुसरं उत्तर: छे! तीच, दहा फुटांवर.