मदत हवी आहे: इंडियाना जोन्सच्या बुटांसारखे लेदर बूट, काय बघून घ्यावेत?

काळीमाती:
'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये इंडियाना जोन्सच्या पायात आहेत तसे तपकिरी, घोट्याच्या वर येणारे लेदर बूट घ्यायचे आहेत. हुबेहूब नकोत, पण घाट तोच हवा आणि पाच-सहा वर्षं टिकले पाहिजेत. बजेट दहा हजार, ताणून बारा. मुक्काम आर्वी तालुक्यातल्या खेड्यात. वापर मोटरसायकलवर आणि तालुक्याच्या गावी जाण्या-येण्यात, मधला दोनेक किलोमीटर पांदण रस्ता. ऑनलाइन सगळीकडे 'जेन्युइन लेदर' लिहिलेलं असतं, फोटोत सगळ्यांच्याच कडेला शिलाई दिसते. खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि जवळपास दुकान नसताना नंबर कसा ठरवायचा?

रापीआरी:
आधी मूळ बूट समजून घ्या, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. 1981च्या त्या चित्रपटातला बूट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ऑल्डन कंपनीचा, मॉडेल 405. सिनेमासाठी वेगळा बनवलेला नाही, कामगारांनी घालायचा साधा बूट आहे. इंडियाना झालेला नट हॅरिसन फोर्ड सुतारकाम करायचा तेव्हापासून हाच वापरत होता. आज तो पाचशे डॉलरच्या वर जातो, त्यात कस्टम आणि भाडं वेगळं, शिवाय नंबर चुकला तर परत पाठवणं म्हणजे दुसरा खर्च. तुमच्या बजेटात तो विसरा.

घाट मात्र मिळतो. पुढे गोलसर, किंचित रुंद नाक. नाकावर घोड्याच्या नालासारखी उठावदार शिलाई, तिला मॉक-टो म्हणतात. नाडीला खाली छिद्रं, वर हुक. तळ जाड पण कडेने जवळजवळ सपाट, दातेरी नाही. ऑनलाइन 'मॉक-टो' शोधलंत की बरेच बूट पांढऱ्या, फुगीर, सपाट पाचरीसारख्या तळाचे येतील. ते वेगळं कुळ आहे. टाच वेगळी दिसणारा, गडद कडेचा तळ असेल तरच इंडीचा भास होतो.

आता शिलाई. इथेच सगळी फसवणूक होते. खऱ्या गुडइयर वेल्टमध्ये बुटाच्या वरच्या चामड्याच्या खालच्या कडेला एक पट्टी (हीच वेल्ट) शिवलेली असते आणि तळ त्या पट्टीला दुसऱ्या शिलाईने जोडलेला असतो. तळ झिजला की ती बाहेरची शिलाई उसवून नवा तळ बसवता येतो, वरच्या चामड्याला हात लागत नाही. स्वस्त बुटात शिलाईचा नुसता ठसा असलेली प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली असते. ओळखायचं असं:

वरचं चामडं अंगठ्याने पट्टीपासून थोडं मागे ओढा. खरी पट्टी चामड्याखाली आत शिरलेली दिसते, खोटी नुसती शेजारी टेकलेली असते. मग बूट उलटा करा. वर जेवढे टाके, तेवढेच खाली तळाच्या खाचेत दिसायला हवेत. एक अपवाद लक्षात ठेवा: काही चांगल्या बुटांत मधला थर शिवून त्यावर रबर चिकटवतात, तेव्हा टाके खाली दिसत नाहीत, कडेने पाहिलं तर मधल्या थरात शिरलेले दिसतात. शेवटी आतला पातळ पॅड उचलून पाहा. आत गोल टाक्यांची रांग दिसली तर ते ब्लेक, म्हणजे पट्टी न लावता तळ थेट आतून शिवलेला. वाईट नाही, पण त्या टाक्यांतून पाणी वर येतं आणि तळ बदलायला खास मशीन लागतं.

विक्रेत्याला तळाचा, कडेचा आणि आतला असे तीन फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

काळीमाती:
हे कामाचं आहे, धन्यवाद. चामड्याचं काय? काही ठिकाणी 'क्रेझी हॉर्स' लिहिलंय. ते घोड्याचं असतं का?

हिरडाबाभूळ:
नाही भाऊ, घोड्याचा संबंध फक्त नावापुरता. गाई-म्हशीचं चामडं वरून हलकं घासून त्यात मेण-तेल मुरवतात. वाकवलं की तिथे रंग फिकट होतो, बोटाने चोळलं की परत येतो. तुमच्या कामाला उत्तम, कारण मोटरसायकलच्या गिअरचे ओरखडे त्यात लपतात.

'जेन्युइन लेदर' या शब्दांवरून दर्जा कळत नाही. चामड्याचा वरचा थर काढून खाली उरलेल्या थरावर प्लास्टिकचा लेप दिला तरी कागदोपत्री ते चामडंच. 'फुल ग्रेन' (म्हणजे चामड्याचा वरचा मजबूत थर) लिहिलंय का पाहा आणि जाडी विचारा. 1.8 ते 2.2 मिलिमीटर योग्य. त्याहून बरंच पातळ असेल तर नाक लवकर चेपतं. बूट हातात आला की पुढच्या भागावर अंगठा दाबा. बारीक, एकमेकींत मिसळणाऱ्या सुरकुत्या आल्या तर ठीक. मेणकापडासारखी एकच घडी पडून चमक तशीच राहिली तर वर लेप आहे, तो पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. म्हशीच्या चामड्याचा रवा जाडसर दिसतो, त्याला दोष समजू नका, मजबूत असतं.

तळाबाबत आपल्याकडच्या हवेसाठी दोन गोष्टी टाळा. क्रेप (कच्च्या रबराचा) सोल मेच्या उन्हात चिकट होतो आणि डांबराचे कण, खडी ओढून घेतो. पीयू (पॉलीयुरेथेन) सोल हलका आणि मऊ, पण दमट हवेत त्याचं आतून विघटन होतं. चार-पाच वर्षं खोक्यात ठेवलेला, न वापरलेला बूटसुद्धा पहिल्याच दिवशी भाकरीसारखा तुटू शकतो. म्हणून सवलतीत विकायला काढलेला जुना साठा जपून घ्या. नायट्राइल किंवा साधं कडक रबर घ्या. आणि नुसता चिकटवलेला बूट एप्रिल-मेमध्ये टिनाच्या खोलीत ठेवला तर सोल्युशन सुटतं. टाक्यांचा बूट घ्यायचं हेही एक कारण.

नंबरासाठी संध्याकाळी माप घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. जाड सुती मोजे घाला, कागद भिंतीला टेकवा, टाच भिंतीला, सगळं वजन त्याच पायावर. पेन्सिल उभी धरून रेघ मारा, तिरकी धरली तर पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो. दोन्ही पायांचं घ्या, मोठा पाय धरा. लांबीबरोबर बोटांच्या सांध्यांभोवतीचा आणि पायाच्या उंचवट्याभोवतीचा घेर टेपने मोजा. ही तीन मापं विक्रेत्याला पाठवून त्यांच्या कलबुताप्रमाणे (ज्या साच्यावर बूट बनतो तो) नंबर विचारा. स्पोर्ट शूजच्या नंबरावर जाऊ नका, बूट बहुधा त्यापेक्षा अर्धा ते एक नंबर लहान लागतो. भारतात यूके नंबर चालतो. अमेरिकन आकडा पुरुषांसाठी साधारण एकने जास्त असतो, तक्त्यात हा घोळ हमखास होतो.

आला की घरातच, चटईवर घालून पाहा. नाडी बांधल्यावर दोन्ही पाळ्यांमध्ये एक ते दीड सेंटिमीटर फट हवी. पूर्ण मिटली तर बूट मोठा आहे, कारण तळाच्या आतला कॉर्कचा थर दबून तो पुढे आणखी सैल होणार. टाच थोडी उचलली जाते, ते सोल वाकायला लागला की कमी होतं. बोटं समोर टेकत असतील तर परत करा. चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत नाही.

धुऱ्यावरचा:
राजेहो, बूट कोनताई घ्या, पन पावसाळ्यात हा घालून वावरात जाऊ नका. काळ्या मातीचा गारा वेल्टच्या खाचेत जाऊन बसते, वाळला का दगड होते अन् चामड्यातलं तेल ओढून घेते. मंग तिथंच तडा जाते. पांदनीतून आले का वाळू द्या, जुन्या दाताच्या ब्रशनं खाच साफ करा, वल्ल्या फडक्यानं पुसा. नळाखाली धरू नका.

वल्ला झाला तं आतमंदी पेपर कोंबा, दोन-तीन घंट्यानं बदला, सावलीत आडवा ठेवा. चुलीजवळ नाई, उन्हात नाई, मोटरसायकलच्या सायलेन्सरवर तं नाईच. वल्लं चामडं तापलं का आखडते, मंग कितीई तेल लावा, पह्यल्यासारखं होत नाई. पुरा वाळल्यावरच कंडिशनर लावा, तेई चन्याएवढं, महिन्या-दोन महिन्यातून एकदा. खोबऱ्याचं तेल लावत असान तं थांबा. रंग काळा पडते, चामडं ढिलं होते, अन् पावसाळ्यात त्याच्यावरच बुरशी येते. बूट प्लास्टिकच्या थैलीत बांधून ठेवू नका, सुती थैलीत ठेवा. बुरशी आलीच तं पांढरा व्हिनेगर अन् पानी अर्धं-अर्धं करून फडक्यानं पुसा, आधी आतल्या बाजूनं लावून रंग पाहून घ्या.

अन् फवारनीले लेदरचा बूट चुकूनई घालू नका. चामडं औषध पिऊन घेते, धुतल्यानं निंघत नाई, अन् मंग ते घामासंगं रोज पायाले लागत राह्यते. 2017 मंदी यवतमाळ जिल्ह्यात फवारनीच्या विषबाधेनं मानसं मेली, हे ध्यानात ठेवा. त्या कामाले रबरी गमबूट, अन् पँट बुटाच्या बाहेरून सोडजा, म्हंजे ओघळलेलं औषध आत शिरत नाई.

काळीमाती:
फवारणीचा मुद्दा डोक्यातच नव्हता. एक शेवटचं विचारतो: तळ झिजल्यावर आमच्या तालुक्याचा मोची बदलू शकेल, की नागपूरला न्यावा लागेल?

रापीआरी:
टाच कोणीही बदलेल. रबराचा थर झिजून खालच्या थराला लागण्याआधी न्या, नाहीतर दोन्ही बदलावे लागतात. मधल्या थरावर चिकटवलेलं रबरही मोची बदलू शकतो: जुनं काढायचं, दोन्ही पृष्ठभाग खरवडायचे, सोल्युशन लावून कोरडं होऊ द्यायचं, मगच दाबायचं. घाई करून ओल्यावर चिकटवलं तर महिन्याभरात सुटतं. पूर्ण तळ पुन्हा शिवायचा असेल तर जुन्याच छिद्रांतून आरीने हाताने टाके घालणारा कारागीर हवा. नवी छिद्रं पाडली तर पट्टी कागदासारखी फाटते. आणि आधीच सांगून ठेवा, पुढच्या भागात खिळा ठोकायचा नाही. बरेचजण पक्कं व्हावं म्हणून कडेने चार बारीक खिळे मारतात आणि त्याच जागी वेल्ट चिरतो. असा कारागीर जवळ नसेल तर मधल्या थरावर रबर चिकटवलेलाच बूट निवडा.