पिओनीला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ: गढवालच्या रानफुलांवरचा मजकूर मराठीत आणतेय. त्यात पेओनिया एमोडी, म्हणजे हिमालयातली पिओनी आहे. पांढरं, तळहाताएवढं फूल, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. मी 'रानपिओनी' लिहिलं, तर संपादकांनी खोडून 'हिमगुलाब' केलं! गुलाबाशी काडीचा संबंध नाही हो.

कोशकिडा: हिमगुलाब भयंकर आहे. पण 'रान'ही पटत नाही. रानहळद म्हणताना घरची हळद डोळ्यांसमोर असते. घरची पिओनी आपल्याकडे कुणी पाहिलीय?

तळटीप: तिकडे 'चंद्रा' म्हणतात, काश्मीरकडे 'मामेख'. आयतं नाव असताना कशाला जुळवाजुळव?

कोशकिडा: 'उतारावर चंद्रा उमलली होती' असं वाचून मला आत्या आठवेल.

सोलापूरकर: आमच्या गल्लीतल्या हकिमांच्या बरणीवर 'ऊद सलीब' लिहिलेलं असायचं. ती पिओनीचीच मुळी. ऊद म्हणजे लाकूड, सलीब म्हणजे क्रूस. मुळी आडवी कापली की क्रूसासारख्या रेघा दिसतात, म्हणून. फेफऱ्यावर द्यायचे. मी एकदा चाटून पाहिली होती, कानाखाली बसली.

मायबोलीकर: उर्दू कशाला? ग्रीक-रोमन लोक हिमालयाला 'एमोडस' म्हणत, त्याचं मूळ 'हैमवत' मानतात. म्हणजे 'एमोडी'त आपलाच शब्द आहे. सरळ 'हैमवती' लिहा!

तळटीप: हैमवती म्हणजे पार्वती. शिवाय आयुर्वेदात त्या नावाचं वेखंड आहे. एखादा वैद्य तुमच्या भरवशावर भलतंच उकळायचा.

मायबोलीकर: म्हणजे इंग्रजी चालतं, संस्कृत नाही. छान.

कोशकिडा: पिओनी इंग्रजांचं तरी कुठे? देवांचा ग्रीक वैद्य पायॉन, त्याच्यावरून आलंय.

गोदाकाठ: बरं, पुढचं वाक्य: 'ही झुडपं बुग्यालात वाढतात.' ठीक?

तळटीप: नाही! बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, ते झाडांची हद्द संपली की वर लागतं. ही त्याच्या खाली, साधारण दोन-अडीच हजार मीटरवर, जंगलाच्या कडेला, झाडं विरळ होऊन ऊन पोचतं तिथे. आणि झुडूपही नव्हे. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, वसंतात जमिनीतून लालसर कोंब येतात. मे महिन्यात चक्राता भागात पाहिलीत, फुलं किंचित खाली मान घालून होती.

गोदाकाठ: मग त्या उघड्या जागेला काय म्हणू?

सोलापूरकर: माळ.

तळटीप: रानात कसला माळ? मोकळवन म्हणा.

मायबोलीकर: मोकळवण. ण.

कोशकिडा: न.