मुलगी ‘दृश्य’ प्रकारातली आहे म्हणे!

आठवीचा_बाप
लेकीच्या क्लासवाल्यांनी दहाही बोटांचे ठसे घेतले आणि एक जाडजूड रंगीत अहवाल हातात ठेवला. साडेचार हजार मोजले. त्यात म्हटलंय, ती बघून शिकणारी आहे, ऐकून शिकणं तिला झेपत नाही. आता बाई शिकवायला लागल्या की ही खिडकीबाहेर बघते आणि वर मलाच ऐकवते, "बाबा, मी ऐकणाऱ्यातली नाहीच." पण मोठ्याने वाचल्याशिवाय माझ्याही डोक्यात काही शिरत नाही, त्यामुळे यात तथ्य असेल असंही वाटतं. तुमचं मत?

खडूची_धूळ
साडेचार हजार पाण्यात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात, त्यावरून पोर कसं शिकेल हे सांगता येतं याला कसलाही आधार नाही.
मूळ कल्पना निदान प्रामाणिक होती. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगने १९९२ मध्ये बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करून बघणं अशी चौकडी मांडली. पुढे २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि तीन सहकाऱ्यांनी अशा वर्गवारीवरचं संशोधन तपासलं. बघणाऱ्याला चित्रांतून आणि ऐकणाऱ्याला बोलून शिकवलं, तर उलट शिकवण्यापेक्षा दोघांनाही जास्त येतं का? याला भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड असते, ती कोण नाकारतंय? मलाही श्रीखंड आवडतं, म्हणून ते मला मानवतं असं नाही.

सुईदोरा
असहमत! मी शिवण शिकवते. एकीला कागदावर मुंढ्याचा गोल काढून दाखवला की पुरतं. दुसरीला तोच गोल दहादा दाखवा, हातात कात्री घेऊन कापड फुकट घालवल्याशिवाय कळत नाही. संशोधन करणाऱ्यांनी माझ्या वर्गात येऊन बसावं.

खडूची_धूळ
@सुईदोरा, त्या पहिलीने आधी घरी कधी शिवलं होतं का? असेल, तर तो सरावाचा फरक. आणि कात्री शेवटी दोघींनाही धरावीच लागते ना?

सुईदोरा
शिवलं होतं, आईच्या मशीनवर. पण म्हणून सगळ्यांना एकाच काठीने हाकायचं का?

तीनताल
तबल्यात हा वाद कधी ऐकला नाही. कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना, आधी तोंडाने म्हणायचा, हाताने टाळी-खाली दाखवत. याला पढंत म्हणतात. मग गुरुजींचा हात बघायचा, मग वाजवायचं. कान, डोळे, हात सगळं लागतं. कोणी "मी बघणारा आहे, पढंत करणार नाही" म्हणाला तर... जाऊ दे. काय कसं शिकायचं ते विषय ठरवतो. नकाशा ऐकून पाठ करून बघा, किंवा ‘ळ’चा उच्चार नुसता वाचून शिका.

दोन_वेण्या
हसणं सोपं आहे. माझ्या मुलाला सहावीपर्यंत सगळे ढ म्हणायचे. मी धडे मोठ्याने वाचून दाखवायला लागले आणि तो उत्तरं द्यायला लागला. आमच्या घरात तरी ‘ऐकणारा’ या शब्दाने मारझोड थांबली.

खडूची_धूळ
@दोन_वेण्या, तुम्ही केलंत ते योग्यच. पण ही आवड नसून वाचनाची अडचण असू शकते, आणि दोन्हींत फरक आहे. तपासणी झालीय का? अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ‘ऐकणारा’ म्हणून थांबलात तर त्या हातच्या जातील.

दोन_वेण्या
तपासणी नाही केली. हे कोणीच सांगितलं नव्हतं. व्यक्तिगत निरोप करते.

आठवीचा_बाप
काल रात्री एक प्रयोग केला. इतिहासाचा धडा तिने रंगीत पेनांनी सजवला होता, पान कसं दिवाळीसारखं. वही मिटवून म्हटलं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिही. चार ओळी झाल्या. मग मी तोच धडा वाचून दाखवला, तिने फक्त ऐकला. पुन्हा कोरा कागद. या वेळी अकरा ओळी.
तर म्हणते, "दुसऱ्यांदा होतं म्हणून." आता यावर मी काय बोलू? बरोबरच आहे तिचं. आज नवा धडा घेऊन उलट क्रमाने करणार आहोत, कागद तिनेच आणून ठेवलेत.